शिस्तपालन समितीचं काम नव्याने गळ्यात पडलंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा : विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. यंदा शिस्तपालन समितीची सदस्य-सचिव म्हणून नेमणूक झाली. प्राचार्यांनी दोन कामं दिली आहेत : विद्यार्थ्यांच्या आचारसंहितेचा नवा मसुदा करायचा आणि वसतिगृहातल्या एका मारामारीची चौकशी आठवड्याभरात संपवायची. द्वितीय वर्षाची चार मुलं आणि प्रथम वर्षाची दोन, वेळ रात्री अकरानंतरची. मोबाइलवर फिरणारी एक क्लिप आहे आणि रेक्टरांचा (वसतिगृहप्रमुखांचा) एका ओळीचा अहवाल, 'सदर विद्यार्थ्यांनी गैरवर्तन केले.' चौघांना रस्टिकेट करा, म्हणजे ठरावीक काळासाठी महाविद्यालयातून काढून टाका, असं वरून सुचवलं जातंय.

उत्तर :

अशा समित्यांवर मी वीसेक वर्षं काढली, आधी तुमच्यासारखाच सदस्य-सचिव म्हणून आणि नंतर अध्यक्ष म्हणून. त्यात दोनदा आमचा निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही. दोन्ही वेळा मुलं काही धुतल्या तांदळाची नव्हती, याची मला आजही खात्री आहे. आम्ही हरलो ते कागदावर. एका प्रकरणात नोटिशीत आरोप एक होता आणि शिक्षेच्या आदेशात भलताच. दुसऱ्यात तक्रार करणारे प्राध्यापकच समितीवर बसले होते आणि ते कुणाला खटकलंही नव्हतं, मलाही नाही. म्हणून माझं सांगणं एका बाजूला झुकलेलं वाटेल : आरोप नेमका लिहिता आला नाही, तर पुढचं सगळं वाया जातं. हे ध्यानात ठेवून वाचा.

मसुदा महिनाभर थांबेल. मारामारीचं आधी बघू, कारण तिथे घड्याळ चालू आहे.

पहिलं काम म्हणजे हे प्रकरण मुळात तुमच्या समितीचं आहे का, ते ठरवणं. ही पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. कुठलीही भानगड झाली की 'शिस्तपालनाकडे पाठवा' असा शेरा पडतो. पण महाविद्यालयात चार वेगवेगळी दारं आहेत आणि प्रत्येकाचे नियम, मुदती, समितीची रचना वेगळी आहे. विद्यापीठाच्या परीक्षेतला कॉपीचा प्रकार असेल तर तो विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या चौकशी समितीकडे जातो. तुम्ही जप्तीचा कागद, उत्तरपत्रिका आणि पर्यवेक्षकाचा अहवाल नीट पाठवायचा, शिक्षा स्वतः ठोठवायची नाही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५ च्या विनियमांखालच्या अंतर्गत तक्रार समितीकडेच जायला हवी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची. विद्यार्थ्यांचा संबंध असेल तर त्या समितीत निवडून आलेले विद्यार्थी-प्रतिनिधीही असावे लागतात. अशी तक्रार तुमच्या टेबलावर आली तर ती उघडून चर्चा करू नका, त्याच दिवशी तिकडे सोपवा. 'मुलीचं आणि मुलाचं भांडण' असं गोंडस नाव देऊन ती शिस्तपालनात मिटवण्याचे प्रकार मी पाहिलेत. त्यात गोपनीयता तर जातेच, नंतर केलेली चौकशीही दूषित होते. प्रबंधातल्या वाङ्मयचौर्यासाठी २०१८ चे स्वतंत्र विनियम आहेत, त्यात साम्याच्या टक्केवारीनुसार टप्पे ठरवून दिले आहेत. १० टक्क्यांपर्यंत काही नाही, ६० च्या वर गेलं तर थेट नोंदणी रद्द.

चौथं दार रॅगिंगचं. तुमचं प्रकरण मला तिथलं वाटतंय.

द्वितीय वर्षाचे चार, प्रथम वर्षाचे दोन आणि रात्रीची वेळ, एवढं वाचूनच माझे कान टवकारले. 'मारामारी' हा शब्द कुणी वापरला? रेक्टरांनी की त्या दोन मुलांनी? १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियमातली व्याख्या वाचून बघा. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज वाटेल असं वर्तन, चिडवणं, शिवीगाळ, धमकी, दुखापत, एरवी तो खुशीने करणार नाही असं काही करायला लावणं, हे सगळं तीत येतं. यूजीसीचे २००९ चे विनियम तर 'नवागत किंवा अन्य कोणताही विद्यार्थी' असंच म्हणतात. म्हणजे 'तो काही ज्युनिअर नव्हता' हा बचावही चालत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, रंग, लिंग, भाषा, प्रदेश, आर्थिक पार्श्वभूमी अशा कारणांवरून दिलेला त्रास आणि वाळीत टाकणंही त्यात स्पष्टपणे आणलं.

आता घड्याळाची गोष्ट. राज्याच्या कायद्यानुसार लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून ती ताबडतोब पोलिसांकडे पाठवायची. यात हयगय केली तर संस्थाप्रमुखालाच गुन्ह्याला साथ दिल्याबद्दल जबाबदार धरता येतं. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय संस्थेतून काढून टाकून पाच वर्षं दुसरीकडे कुठेही प्रवेश नाही. यूजीसीचे विनियम आणखी कडक आहेत, ते २४ तासांत एफआयआरची अपेक्षा ठेवतात. प्राचार्यांना हे शांतपणे, एका पानावर लिहून द्या. तोंडी सांगू नका. 'आठवड्यात संपवा' म्हणणारे प्राचार्य ते पान वाचल्यावर सहसा खुर्चीत सरळ बसतात.

मात्र घाईघाईने रॅगिंगचा शिक्काही मारू नका. जेवणाच्या रांगेवरून किंवा बाथरूमवरून सहा मुलं एकमेकांना भिडली असतील तर ती भिडली. फरक कळण्यासाठी त्या दोघांशी वेगवेगळं आणि वसतिगृहाबाहेर बोला. रेक्टर समोर नकोत. पहिला प्रश्न त्या रात्रीचा विचारू नका, 'इथे आल्यापासून दिवस कसे गेले' असं विचारा. रॅगिंग असेल तर ती रात्र पहिली नसते, आधीच्या चार रात्री बोलण्यात आपोआप येतात. नसेल तर मुलं थेट भांडणाच्या कारणावर येतात आणि बहुधा स्वतःचीही चूक सांगून टाकतात.

समजा प्रकरण तुमच्याच समितीकडे राहिलं. मग नोटीस.

रेक्टरांचं ते वाक्य, 'गैरवर्तन केले', नोटिशीत उतरवू नका. गैरवर्तन हा निष्कर्ष आहे, आरोप नाही. आरोप असा लिहायचा : अमुक तारखेला रात्री सुमारे सव्वाअकरा वाजता, वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अमुक खोलीसमोर, तुम्ही अमुक विद्यार्थ्याला उजव्या हाताने दोनदा मारले आणि त्याचा मोबाइल हिसकावून घेतला, यामुळे वसतिगृह नियमावलीतल्या अमुक नियमाचा भंग झाला असे प्रथमदर्शनी दिसते. चौघांना चार वेगवेगळ्या नोटिसा द्या, कारण चौघांनी एकच गोष्ट केलेली नसते. एकाने मारलं असेल, एकाने दार अडवलं असेल, एक नुसता उभा राहून शूटिंग करत असेल. सोबत कशाच्या आधारे म्हणतो आहोत ते सांगा. उत्तराला वाजवी मुदत द्या, सात दिवस तरी. आणि मसुद्यात 'तुमच्यावर कठोर कारवाई करण्यात येत आहे, तरी खुलासा करावा' असं लिहिलं जात नाही ना, हे दोनदा तपासा. आमच्या कार्यालयातल्या जुन्या नमुन्यात वर्षानुवर्षं हेच वाक्य होतं. निर्णय आधीच झालाय असं स्वतःच्या सही-शिक्क्याने लिहून देणारं ते वाक्य विद्यार्थ्याच्या वकिलाला आयतं मिळतं.

सुनावणीबद्दल नव्या सदस्यांची नेहमी दोन टोकं दिसतात. एकाला वाटतं आपण न्यायालय आहोत, उलटतपासणी, वकील, शपथ, सगळं हवं. दुसऱ्याला वाटतं आपण घरातली वडीलधारी माणसं, मुलाला बोलावलं, झापलं, संपलं. सर्वोच्च न्यायालयाने या दोन्हींच्या मधली जागा फार पूर्वीच आखून दिली आहे. १९६२ च्या घनश्यामदास गुप्ता प्रकरणात उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने गैरप्रकाराबद्दल विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले होते, पण त्यांचं म्हणणं ऐकलंच नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, कायद्यात लिहिलेलं नसलं तरी ऐकून घेणं भाग आहे. पुढे १९६८ मध्ये केरळ विद्यापीठाच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की नैसर्गिक न्यायाची तत्त्वं (समोरच्याचं ऐकून घेणं, निर्णय देणारा निःपक्ष असणं) म्हणजे साचा नव्हे, प्रसंगानुसार त्यांचं रूप बदलतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेलं प्रकरण १९७३ चं, हिरानाथ मिश्रा विरुद्ध राजेंद्र मेडिकल कॉलेज, रांचीचे प्राचार्य. रात्री काही मुलं मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरली. चौकशी समितीने मुलींचे जबाब त्या मुलांच्या गैरहजेरीत घेतले. ओळख पटवण्यासाठी फोटो इतर फोटोंत मिसळून दाखवले. नंतर मुलांना आरोप सांगून त्यांचं म्हणणं घेतलं आणि मग काढून टाकलं. मुलं म्हणाली, साक्षी आमच्यासमोर झाल्या नाहीत. न्यायालयाने कॉलेजच्या बाजूने कौल दिला, कारण त्या मुलींना समोर उभं केलं असतं तर त्यांना पुढे त्रास झाला असता. तुमच्या प्रथम वर्षाच्या दोघांना याचा आधार आहे. त्यांना त्या चौघांसमोर बसवून 'सांगा आता काय झालं' असं विचारायची काही गरज नाही. पण या निकालाचा दुसरा भाग लोक सोयीस्कर विसरतात. त्या मुलांना आरोप काय आहे ते कळवलं गेलं होतं आणि उत्तराची संधी मिळाली होती. साक्षीदाराचं नाव झाकता येतं, आरोपातला मजकूर झाकता येत नाही.

पुराव्याचं माप फौजदारी खटल्याचं नाही. संशयातीत सिद्ध व्हायला हवं असं नाही, उपलब्ध साहित्यावरून काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढं ठरवायचं आणि ते का वाटतं हे लिहायचं. 'का' नसलेले अहवाल मी ढिगाने वाचलेत. जबाबांच्या आठ पानांनंतर थेट 'सबब समितीच्या मते चौघेही दोषी आहेत.' मधली दोन पानं कुठे गेली? कुणाचा जबाब का विश्वासार्ह वाटला, विसंगती कुठे होती, तिचं काय केलं? तीच दोन पानं म्हणजे अहवाल, बाकी जोडपत्रं.

ज्याने तक्रार केली, ज्याने घटना पाहिली किंवा ज्याचं त्या मुलांशी आधीचं वाजलेलं आहे, अशा कुणालाही समितीवर घेऊ नका. तुमच्याकडे रेक्टर पदसिद्ध सदस्य असतील, बहुतेक ठिकाणी असतात. या प्रकरणापुरतं त्यांना बाजूला बसायला सांगा आणि इतिवृत्तात तशी नोंद करा. ते रागावतील. माझ्यावर एक रेक्टर वर्षभर रागावून होते, मग त्यांच्या जागी दुसरे आले.

पालकांना कळवणं योग्यच. रॅगिंगविरोधी हमीपत्रावर तर त्यांचीही सही असते. पण मूल अठरा वर्षांचं झालेलं असतं, त्यामुळे नोटीस त्याच्या नावाने आणि त्याच्याच हातात द्यायची. पालकाने दिलेला माफीनामा हा मुलाचा कबुलीजबाब होत नाही. सुनावणीच्या खोलीत बाप मुलाला मारायला उठला की समितीतले काही जण समाधानाने मान डोलावतात. मी अशा वेळी सुनावणी तहकूब करायचो.

रस्टिकेशनचं काय? निलंबन आणि शिक्षा यांची सरमिसळ इथेच होते. चौकशीपुरतं निलंबन हे संरक्षणासाठी असतं. साक्षीदारावर दबाव येऊ नये, पुन्हा भडका उडू नये म्हणून. त्याला मुदत हवी आणि दर काही दिवसांनी आढावा हवा. निलंबन लांबून परीक्षेपर्यंत गेलं की निकाल लागण्याआधीच शिक्षा भोगून झालेली असते. माझा अनुभव असा की वसतिगृहापुरतं निलंबन आणि वर्गाला मुभा, एवढ्याने बहुतेक प्रकरणांत काम भागतं. प्रथम वर्षाच्या दोघांना 'तुमच्या सुरक्षेसाठी' दुसरीकडे हलवू नका. हलायचं असेल तर चौघांनी हलायचं.

शिक्षेबाबत यूजीसीच्या २००९ च्या विनियमांत एक चढती शिडीच आहे. वर्गात बसण्यास बंदी, शिष्यवृत्ती रोखणं, परीक्षेला किंवा स्पर्धांना मनाई, निकाल रोखणं, वसतिगृहातून काढणं, प्रवेश रद्द करणं, एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेशन आणि शेवटी संस्थेतून हकालपट्टी. तो क्रम रॅगिंगसाठी आहे, पण इतर प्रकरणांत तुलनेला उपयोगी पडतो. शेवटच्या पायऱ्यांवर जाण्याआधी मधल्या का पुरत नाहीत, हे आदेशात लिहावं लागतं. चौघांना सरसकट एकच शिक्षा दिलीत तर चौघांचा वाटा सारखाच होता हे दाखवावं लागेल. दोषी ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद त्या विनियमांत आहे, मला ती कधीच पटली नाही आणि तुमच्याकडे क्लिप असताना तिची गरजही नाही.

दंडाबद्दल माझं मत तीव्र आहे. नुकसानभरपाई वेगळी, काच फोडली तर काचेचे पैसे घ्या. पण वर्तनासाठी रोख दंड घेतला की श्रीमंताला तो परवाना होतो आणि गरिबाच्या घरी ते कर्ज होतं. लैंगिक छळाविषयीच्या २०१५ च्या विनियमांत समुपदेशन आणि समाजसेवेसारख्या सुधारणात्मक शिक्षांचा उल्लेख आहे, तो धागा इतर प्रकरणांतही वापरता येतो. फक्त समाजसेवा म्हणजे सगळ्यांसमोर झाडू मारायला लावणं, असा अर्थ कुणी काढू नये.

आदेशात अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते लिहा. रॅगिंगविरोधी समितीच्या शिक्षेविरुद्ध संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला कुलगुरूंकडे अपील करता येतं. शिक्षेचे दूरचे परिणामही समितीने मनात ठेवावेत. विद्यार्थी-निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींनुसार शिस्तभंगाची कारवाई झालेला विद्यार्थी निवडणुकीला उभा राहू शकत नाही. वर्तणुकीच्या दाखल्यावर काय शेरा येणार, हेही तेव्हाच ठरवून टाका. नंतर लिपिकाच्या मर्जीवर सोडू नका.

आता मसुदा.

तुमच्याकडची जुनी आचारसंहिता मी न पाहताही सांगू शकतो, तिच्यात तीस-चाळीस कलमं असतील आणि त्यातली निम्मी आजवर एकदाही वापरली गेली नसतील. प्रत्येक कलमापुढे दोन गोष्टी लिहून बघा : गेल्या पाच वर्षांत हे कुणावर लावलं, आणि उद्या प्राचार्यांच्या आवडत्या विद्यार्थ्याने हेच केलं तर लावणार का? ज्याचं उत्तर 'नाही' येतं ते कलम काढा. न वापरलेला नियम निरुपद्रवी नसतो. तो एखाद्या नावडत्या मुलासाठी राखून ठेवलेला असतो, आणि हे मुलांना पहिल्या महिन्यात कळतं.

काही शब्द दिसले की थांबा. 'संस्थेची प्रतिमा मलिन करणे' हा त्यातला सगळ्यात घातक. पंख्याचा फोटो टाकून 'तीन महिने बंद आहे' असं लिहिणारी मुलगीही त्यात सापडते. तिला नोटीस गेली तर प्रतिमा तुम्हीच मलिन केली. धमकी, बदनामीकारक खोटी माहिती, कुणाचा खासगी फोटो परवानगीशिवाय पसरवणं, हे वेगवेगळं आणि नाव घेऊन लिहा. 'असभ्य पोशाख', 'अनुचित जवळीक', 'शिक्षकांचा अनादर' यांचंही तेच. अनादर म्हणजे काय? शिवी देणं कळतं. प्रश्न विचारणं, गुण कमी का दिले म्हणून वाद घालणं, हे अनादरात बसवणारे सहकारी तुम्हाला भेटतील.

वसतिगृहाचे नियम लिहिताना २०१९ चा केरळ उच्च न्यायालयाचा फहीमा शिरीन प्रकरणातला निकाल जवळ ठेवा. मोबाइल ठरावीक तासांत जमा करण्याचा नियम मानायला नकार दिला म्हणून एका विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढलं होतं. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडला. तो निकाल आपल्या राज्यातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण त्यातला प्रश्न प्रत्येक नियमाला विचारण्यासारखा आहे : या नियमाने नेमकं काय साधायचं आहे, आणि तेवढ्यासाठी एवढं बंधन लागतं का? मुलींना साडेसातला आत आणि मुलांना अकराला, या नियमालाही तोच प्रश्न लावून बघा.

मसुदा विद्यार्थ्यांना दाखवा, पण सभागृहात वाचून नको. आठ-दहा जणांना घेऊन बसा, त्यात दोन-तीन असे हवेत ज्यांना पूर्वी नोटीस गेली होती. आमच्या मसुद्यातली सर्वांत कामाची दुरुस्ती अशाच एका मुलाने सुचवली : घटना घडल्यापासून किती दिवसांत नोटीस द्यायची याला मुदत असावी. त्याला दुसऱ्या सत्रात नोटीस मिळाली होती ती पहिल्या सत्रातल्या गोष्टीची. भाषा मराठीच ठेवा आणि ती शासन-परिपत्रकाची नको. 'सदरहू', 'उपरोक्त', 'तद्नंतर' गाळलं की अर्धी संदिग्धता आपोआप जाते.

आता सोमवारी कामावर गेल्यावर पहिल्यांदा ती क्लिप. फॉरवर्ड होऊन आलेली क्लिप कापलेली असते, सुरुवातीचे वीस सेकंद नेहमी गायब असतात. ज्याने शूट केलं त्याला शोधा आणि मूळ फोनमधली पूर्ण फाइल दोन सदस्यांसमोर उतरवून घ्या. तारीख-वेळ नोंदवून त्या मुलाची सही घ्या. फोन मात्र त्याला परत द्या. जप्त करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तो पोलिसांचा. मजल्यावर सीसीटीव्ही असेल तर त्याचं चित्रण अनेक ठिकाणी काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं. ते राखून ठेवण्याचं पत्र रेक्टरांना आजच, सोमवारची वाट न बघता, ईमेलने पाठवा.